हवा मोजणाऱ्या सेन्सरचं ऑपरेशन

चिरंजीवांनी गाडीचं बॉनेट उघडलं आणि मागून मातोश्रींचा आवाज आला, "हात धुतलेस का?"

"आई, गाडी आहे ही. हात नंतर धुवायचे असतात."

"आधीही आणि नंतरही," म्हणत मातोश्री एप्रनची गाठ आवळून पुढे झाल्या. उभी हयात त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढली होती. नोकरी संपली, पण थिएटर काही सुटलं नव्हतं. भाजीची सुरीसुद्धा त्या स्पिरिटनं पुसून घेत.

गाडी चालता चालता आचके देत होती. इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा सेन्सर बिघडलाय, हे निदान चिरंजीवांनी व्हिडिओ बघून स्वतःच केलं होतं आणि नवा सेन्सर मागवलाही होता. दोन स्क्रू आणि एक प्लग, एवढाच तर मामला! पण त्यांचा लौकिक वाईट. त्यांनी दुरुस्त केलेल्या मिक्सरनं चटणी छताला लावली होती आणि इस्त्रीनं अख्ख्या घराचे दिवे घालवले होते. माहेरी जाताना सूनबाईंनी निक्षून बजावलं होतं, "गाडी गॅरेजलाच द्यायची. आता आणखी कशाला हात लावलास ना, तर ती हत्यारांची पेटी थेट भंगारात!" आणि त्या पेटीत तर चिरंजीवांचा जीव. कॉलेजात असल्यापासून एकेक पाना जमवलेला. आज काम फत्ते करायचं आणि पेटी वाचवायची, असा बेत होता.

"स्क्रू ड्रायव्हर," चिरंजीवांनी हात मागे केला. फाट्‌कन तो तळहातावर बसला.

"आई गं! हळू!"

"असाच द्यायचा असतो. बोल कमी, काम कर."

जुना सेन्सर निघून मातोश्रींच्या ट्रेमध्ये पडला, तोच फोन वाजला. सूनबाई.

"संध्याकाळी स्टेशनवर घ्यायला ये. आणि गाडी गॅरेजला दिलीस ना?"

"दिली की! कालच!" चिरंजीव बोलून गेले. फोन ठेवून म्हणाले, "आई, यातलं एक अक्षर तिला कळता कामा नये हं. मी सांगेन, गाडी चालवून दाखवल्यावर."

मातोश्रींनी गंभीरपणे मान डोलावली. चिरंजीवांनी ट्रेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. जुना आणि नवा, दोन्ही सेन्सर स्पिरिटमध्ये बुचकळून, कोरडे करून, शेजारी शेजारी मांडलेले. दोन्ही सारखेच चकाचक.

"यातला नवा कोणता?"

"मला काय ठाऊक? डॉक्टर तू. मी फक्त निर्जंतुक केले."

चिरंजीवांनी देवाचं नाव घेऊन एक उचलला आणि बसवला. बॉनेट लावायला हात घातला, तोच मातोश्री कडाडल्या, "खबरदार! मोजणी व्हायचीय." मोजणी झाली. एक स्क्रू कमी भरला.

"राहू दे गं, एका स्क्रूनं काय होतंय!"

"असंच म्हणाले होते एक मोठे डॉक्टर. मग पेशंटच्या पोटात कात्री सापडली. उघड सगळं!"

सगळं उघडलं. फिल्टरचा डबा निघाला, हवेचा जाडजूड पाइप निघाला, पाइपच्या आत चिरंजीवांचा हात कोपरापर्यंत गेला. स्क्रू कुठे मिळेना. घामानं निथळत ते गाडीखाली लोळून आले, तेव्हा मातोश्री स्पिरिटच्या वाटीत डोकावून म्हणाल्या, "अगंबाई! हा तर मीच भिजत घातला होता."

चिरंजीवांनी दात-ओठ खात सगळं पुन्हा जोडलं आणि किल्ली फिरवली. गाडीनं तेच जुने आचके दिले.

"पेशंटला मानवला नाही," मातोश्री म्हणाल्या. "दुसरा दे."

दुसरा बसवला. इंजिन असं गुरगुरू लागलं की चिरंजीवांना आनंदानं नाचावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून काहीतरी दुरुस्त झालं होतं!

संध्याकाळी स्टेशनपासून घरापर्यंत सूनबाई नुसत्या कौतुक करत होत्या. "काय काम केलंय रे गॅरेजवाल्यानं! एक आचका नाही!" चिरंजीव गालातल्या गालात हसत राहिले. दारात उतरल्यावर मात्र त्यांना राहवेना.

"गॅरेजवाला कसला? मी केलंय, मी!"

सूनबाई पोट धरून हसत सुटल्या. "तू? आणि गाडी चालू राहिली?"

"अगं, आईच होती मदतीला! आई, सांग ना हिला!"

"खरंच, आई?" सूनबाईंनी विचारलं.

मातोश्रींनी मुलाकडे पाहिलं. जीव तुटत होता त्यांचा, पण शिस्त म्हणजे शिस्त. "इतकी वर्षं नोकरी केली बाई. आत कुणी काय केलं, ते बाहेर कधी बोलले नाही. आता या वयात मला बोलायला लावू नका."

"बघ! त्या बिचाऱ्याचं श्रेय लाटतोस, आणि वर आईंना खोटं बोलायला लावतोस!" सूनबाईंनी कपाळाला हात लावला. "एवढा हुशार माणूस गॅरेजात असताना घरात ती पेटी कशाला? उद्याच भंगारवाल्याला देऊन टाकू. आणि त्या गॅरेजवाल्याचा नंबर दे मला, आभार मानायचे आहेत."