हँडलची मान आणि सोनकांबळे बाई

सोनकांबळे बाई माणसाला नमस्कार करण्याआधी त्याच्या सायकलीचं हँडल पिळून बघत. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरायचं, दोन्ही मुठी पकडायच्या आणि धुणं पिळावं तसा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हिसका द्यायचा. हँडल हललं नाही तर मग, "नमस्कार. बरं हाय ना समदं?" हललं तर नमस्कार राहून जाई. पर्समधून रुमालात गुंडाळलेला बारा-तेराचा पाना निघे आणि सायकलवाला आपल्याच सायकलीशेजारी गुन्हेगारासारखा उभा राही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. म्हणजे पाट्या रंगवून झाल्या होत्या, बाकी सगळं यायचं होतं. आमची कचेरी एका भाड्याच्या घरात भरायची. फायली उस्मानाबादहून ट्रकने आलेल्या, त्यांचे गठ्ठे जमिनीवर, आणि खुर्च्या कमी म्हणून आम्ही त्या गठ्ठ्यांवर. मी मूळचा लोह्याचा. बायको आणि पाच वर्षांची सुमी यांना घेऊन बदलीवर आलो होतो. बाई टायपिस्ट. कचेरीत मशीन एक आणि टायपिस्टही एकच, त्यामुळे अख्ख्या कचेरीचं म्हणणं बाईंच्या बोटांतून बाहेर पडायचं.

वय चाळिशीचं. एकट्याच राहायच्या. लग्न झालं नव्हतं की झालेलं टिकलं नव्हतं, ते कोणी विचारलं नाही. वडिलांचं उदगीरला सायकल टॅक्सीचं दुकान होतं, म्हणजे तासावर सायकली भाड्याने द्यायच्या. बाईंचं लहानपण त्या दुकानात ग्रीस आणि छर्‍यांत गेलं. मागून सगळे त्यांना पानाबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा कोणीतरी चुकून तोंडावरच म्हणालं, तर बाई म्हणाल्या, "हाव, बोला. कोनची सायकल?"

सायकलीच्या प्रत्येक भागाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. चेन प्रामाणिक, तुटायच्या आधी महिनाभर कुरकुरते. कॉटर पिन ढिली झाली की पायडल खटखट करून सांगतं. तार तुटली की आवाज येतो, चाक डुलायला लागतं. "समदे सांगून जातात, भाऊ. एक मान तेवढी सांगत न्हाई." हँडलची जी उभी दांडी पुढच्या चिमट्याच्या नळीत उतरते, तिला बाई मान म्हणत. ती आतल्या आत गंजते, आतल्या आत चिरते. वरून बघावं तर निकेल चमकून राहिलेलं. "दिसत न्हाई तिथंच मोडतं ते. म्हणून पिळून बघायचं."

हे पिळून बघणं त्या कुठेही करत. आमच्या शिपायाच्या बहिणीचं लग्न चाकूरकडच्या एका खेड्यात होतं. नवरदेवाला द्यायची सायकल झेंडूच्या माळा घालून मांडवात उभी केली होती. अक्षता वाटून झाल्या आणि पाहतो तर बाई माळा बाजूला सारून चाक गुडघ्यांत धरून उभ्या. हँडल हललं. बाईंनी पाना काढला. वाजंत्री थांबली, कारण वाजवणारेही बघायला आले. नट आवळून झाल्यावर नवरदेवाला म्हणाल्या, "जावईबापू, आता बसवा मागं आमच्या पोरीला." आणि हात पुसून अक्षता टाकायला पुन्हा पाहुण्यांत जाऊन उभ्या राहिल्या.

त्या वर्षी पाऊस नावालाच झाला. विहिरी दिवाळीतच आटल्या. पाणी आणायला गावाबाहेरच्या बोअरवर जावं लागे आणि लातुरातली एकूण एक सायकल पाण्याला जुंपली गेली. मागे कॅरिअरला दोन घागरी, पुढे हँडलला दोन कळशा. बाईंचा जीव तिळतिळ तुटे. हँडलला ओझं लटकतं ते लटकतंच, वर कळशी डचमळली की पाणी दांडीवरून ओघळून बरोबर मानेत उतरतं. कोरड्या दुष्काळात सायकली गंजून राहिल्या होत्या, आणि ते दिसत होतं फक्त बाईंना.

एके दिवशी त्यांनी कचेरीच्या फळ्यावर टाइप केलेली सूचना लावली : "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, पाण्याच्या कळशा सायकलीच्या हँडलास अडकवू नयेत." खाली सही नाही. हेडक्लार्क संतापले. विनापरवानगी सूचना लावल्याबद्दल खुलासा मागवणारा मेमो त्यांनी हाताने लिहून काढला आणि टाइप करायला पाठवला. अर्थात बाईंकडेच. बाईंनी तो नेटका टाइप केला, तीन प्रतींत. 'विनापरवानगी'तली हेडक्लार्कांनी दीर्घ लिहिलेली 'वि' र्‍हस्व केली. सहीला नेऊन ठेवला, सही झाल्यावर स्वतःच स्वीकारला आणि पोच दिली. मग खुलासा टाइप केला : "हँडल मोडल्यावर सूचना लावून उपयोग होत नाही, सबब आधी लावली." हेडक्लार्कांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला आणि विषय संपला.

माझ्या सायकलीची मान बाईंनी त्याच उन्हाळ्यात पकडली. जेवणाच्या सुट्टीत मला बोलावून नट ढिला केला, दांडी नळीतून थोडी वर ओढली आणि आतून निघालेल्या भागावर बोट ठेवलं. तिथे तांबूस, केसाएवढी रेघ होती.

"भाऊ, ही चीर हाय. आवळून भागायचं न्हाई. हँडल बदला."

"बदलतो उद्या."

"उद्या नका म्हणू. पोरीला पुढं बसवता तुम्ही."

सुमीसाठी पुढच्या दांडीवर मी छोटी गादी बसवून घेतली होती. बाईंनी ती पाहिली होती. मी पुन्हा "उद्या" म्हणालो. त्या दुसर्‍या दिवशी विचारायला आल्या, तिसर्‍याही. महिना उलटला. पहाटे चारला उठून बोअरवर नंबर लावायचा, दिवसभर कचेरी, संध्याकाळी पुन्हा पाणी. त्या धबडग्यात हँडल राहून गेलं, असं मी आजवर लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे बाई रोज सगळ्यांसमोर विचारत आणि सगळे हसत, त्याचा मला राग येत होता.

एका दुपारी त्यांनी चहाच्या वेळी पुन्हा विचारलं. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "बाई, घरी काळजी करायला कोणी नाही म्हणून तुम्ही आमच्या सायकलींच्या मागे लागता."

कोणी हसलं नाही. बाईंनी कप खाली ठेवला.

"हाव," त्या म्हणाल्या. "ते बी खरंच हाय."

आणि मशीनवर जाऊन बसल्या. त्यानंतर त्या सगळ्यांच्या सायकली बघत. माझी सोडून.

नवव्या दिवशी सुमीला पुढे बसवून मी गंजगोलाईच्या बाजाराकडे निघालो होतो. उताराला एक बैल आडवा आला, मी ब्रेक दाबून हँडल ओढलं आणि ते माझ्या हातात आलं. अख्खं, मुठींसकट. सायकल आपल्या वाटेने गेली. मला खरचटलं. सुमीचं कोपर मोडलं.

सरकारी दवाखान्यात बाई संध्याकाळच्या आधीच आल्या. हातात कळशी होती. त्यांच्या वस्तीत टँकर सगळ्यात शेवटी येतो हे मला माहीत होतं. ती कळशी म्हणजे त्यांच्या दोन दिवसांच्या पाण्यातला अर्धा वाटा असणार. "उकळून आनलंय," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. सुमीजवळ बसल्या, तिच्या प्लॅस्टरवरून हात फिरवला. मी भिंतीला टेकून त्या एका वाक्याची वाट बघत होतो. मी सांगितलं होतं ना, भाऊ. ते ऐकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

निघताना त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"भाऊ, एक सांगायचं होतं. मी आठ दिस तुमच्या सायकलीकडं बघितलं न्हाई. जाता-येता दिसायची, पन मान वळवून जायची मी. राग आला होता." त्यांचा आवाज टाइपाच्या अक्षरासारखा सरळ होता, फक्त डोळे भरले होते. "न्हाईतर पाना लावून हँडलच काढून घरी नेलं असतं. तुम्ही वरडला असता, वरडू दिलं असतं. पोरीचा हात वाचला असता. माझंच चुकलं."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. चीर त्यांनी दाखवली होती. महिनाभर 'उद्या' मी म्हणत होतो. पण मी म्हणालो, "असू द्या, बाई."

असू द्या. म्हणजे माझ्या चुकीबद्दल मी त्यांना माफ करून टाकलं. बाईंनी मान हलवली आणि पदराने डोळे पुसले, खरोखरच माफी मिळाल्यासारखे.

प्लॅस्टर निघालं तेव्हा हात कोपरात वाकलेलाच राहिला. डॉक्टर म्हणाले, रोज थोडाथोडा सरळ करा. दुसर्‍या दिवसापासून बाई कचेरी सुटली की आमच्याकडे येऊ लागल्या. खोबरेल कोमट करायचं, सुमीला मांडीवर घ्यायचं आणि हात हळूहळू ओढायचा. सुमी रडली की थांबायचं आणि उदगीरच्या दुकानातल्या गमती सांगायच्या. कचेरीत चार शब्द बोलणार्‍या बाई आमच्या ओसरीवर तास-तासभर बोलत. एका रविवारी सुमीला ताप होता म्हणून बायकोने त्यांना आज येऊ नका असा निरोप पाठवला, तरी त्या आल्या, आणि दारातूनच सुमीला बघून गेल्या. "रविवारचं मला काम नसतंय," असं बायकोला म्हणाल्या.

असं दीड वर्ष चाललं. हात पुष्कळ सुधारला, पूर्ण नाही. मग बाईंची बदली निलंग्याच्या तहसिलीत झाली.

त्यांना पोचवायला मी आणि सुमी एसटी स्टँडवर गेलो. ते वाक्य मी घरून ठरवून गेलो होतो : बाई, चूक तुमची नव्हती, माझी होती. सामान चढवलं. बाई खिडकीपाशी बसल्या. मला म्हणाल्या, "दोन येळा तेल लावायचं. मी न्हाई म्हणून सोडू नका."

"नाही सोडत," मी म्हणालो. पुढे म्हणालो, "गाडी आज वेळेवर निघतेय."

"हाव."

गाडी हलली. सुमीने चांगला हात वर केला. बाईंनी खिडकीतून बोटाने खूण केली, तो नव्हे, दुसरा. सुमीने वाकडा हात जाईल तितका वर नेला, आणि गाडी वळेपर्यंत तसाच धरून ठेवला.