आईच्या सोयीसाठी सत्तेचाळीस कप्पे

जागा कमी पडते असं म्हणणारा माणूस जागेला दोष देत नसतो, स्वतःच्या बुद्धीची कबुली देत असतो. जागा सर्वत्र असते. ती कपाटाच्या वर असते, दाराच्या मागे असते, मिटलेल्या छत्रीच्या आत असते. फक्त ती पाहणारी नजर लागते. आमच्या घरात ही नजर थोरल्या दादाला लाभली, याचा धाकटा भाऊ म्हणून मला अभिमान आहे.

दादा पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं भांडारपाल होता. या एकतीस वर्षांत भांडारातली एकही वस्तू कधी संपली नाही. (कारण ती कधी कोणाला दिली गेली नाही.) शहरातले नळ गळत राहिले, पण वॉशरचा साठा कायम भरपूर होता. खात्यातले लोक त्याला 'कुलूप' म्हणत आणि तो ते कौतुक समजे. निवृत्तीनंतर दोन महिने तो घरातल्या चमच्यांच्या ड्रॉवरपुढे नुसता उभा राहत असे. मग त्याने कॅम्पर व्हॅन घेतली, म्हणजे आत पलंग, शेगडी, फ्रीज असं सगळं असलेली गाडी.

ही व्हॅन आईसाठी घेतली, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण पुढे ते विसरायला होतं. आई एकोणऐंशी वर्षांची. मणक्याच्या दुखण्यामुळे तिला अर्ध्या तासाच्या वर बसता येत नाही आणि प्रवास झालाच तर पाय लांब करून, आडवं पडून करायचा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तिची थोरली बहीण, म्हणजे आमची मावशी, चौदा तासांच्या रस्त्यावर राहते. तिथे रेल्वे जात नाही. दोघी बहिणी अकरा वर्षांत भेटलेल्या नाहीत. त्यात मावशीची नजर चाललेली. उजवा डोळा गेला आणि डाव्याचं काही खरं नाही, असं ती दर रविवारी फोनवर सांगायची आणि पुढे विचारायची, "निघालात का गं?"

"निघतोच आहोत," आई म्हणायची. "थोडी जागा करायची राहिलीय."

ही थोडी जागा म्हणजे काय, हे समजण्यासाठी आधी बॅटरी समजून घेतली पाहिजे. आईला इन्सुलिन लागतं. इन्सुलिन गार ठेवावं लागतं. त्यासाठी फ्रीज, फ्रीजसाठी बॅटरी. इथपर्यंत कोणाही सामान्य माणसाची बुद्धी पोचते. पण व्हॅन वाटेत बंद पडून तीन दिवस एकाच जागी उभी राहिली तर? म्हणून दोन बॅटऱ्या. मोठ्या बॅटऱ्या तापतात, म्हणून त्यांना पंखा. पंख्याला वीज लागते, म्हणून तिसरी. आणि तिसरीमुळे जी उष्णता वाढली तिच्यासाठी मोठा पंखा, आणि त्याच्यासाठी चौथी. एकेक बॅटरी चाळीस किलोची. या चार बॅटऱ्यांवर आमच्या अख्ख्या इमारतीचे दिवे दोन दिवस चालले असते. व्हॅनमध्ये त्या मुख्यतः स्वतःला गार ठेवत होत्या.

बॅटऱ्या पलंगाखाली बसवल्या. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं होतं की प्रत्येक बॅटरीच्या भोवती आणि वर चार बोटं मोकळी हवा हवी. दादाने हा नियम काटेकोरपणे पाळला. आईच्या भोवती किती बोटं मोकळी हवा हवी, याबद्दल कुठल्याच पुस्तिकेत काही नव्हतं. त्यामुळे सहा फुटांचा पलंग पायाकडून कापून आधी पाच फूट चार इंचांचा झाला, आणि चौथी बॅटरी आल्यावर साडेचार फुटांचा. आईची उंची चार फूट अकरा इंच आहे.

"साहेब, माणूस कुठं झोपणार?" सुताराने विचारलं.

"तुम्ही लाकडाचं बघा," दादा म्हणाला.

वहिनी मात्र स्पष्ट बोलली. "अहो, नाकापेक्षा मोती जड झालाय," ती म्हणाली. यावर दादाने तिचं म्हणणं लिहून घेतलं आणि आम्हा तिघांची एक समिती नेमली. अध्यक्ष दादा, सदस्य वहिनी, सचिव मी. आईला समितीत घेतलं नाही, कारण विषय तिच्याशी संबंधित होता आणि निर्णय निःपक्षपाती व्हायला हवा होता.

समितीची पहिली बैठक आईच्या उंचीवर झाली. मी टेप धरली. वय वाढलं की माणूस आखूड होतो, असं दादाने कुठेतरी वाचलं होतं. वर्षाला दोन मिलिमीटर धरले तर पाच इंचांचा प्रश्न त्रेसष्ट वर्षांत आपोआप सुटणार होता. आई तेव्हा एकशे बेचाळीस वर्षांची असेल. मावशीचा डोळा इतकं थांबेल का, असा मुद्दा वहिनीने काढला. तो विषयपत्रिकेवर नसल्यामुळे पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवला.

"मी पाय दुमडून झोपेन रे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "पण निघूया."

"डॉक्टरांनी पाय लांब ठेवायला सांगितलंय," दादा म्हणाला. "तुझ्या तब्येतीशी खेळ मी होऊ देणार नाही."

दुसरी बैठक सामानावर झाली, आणि इथे दादाची खरी प्रतिभा दिसली. त्याने व्हॅनमध्ये जागा शोधायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात त्याला छताच्या पोकळीत जागा सापडली, मग दाराच्या आतल्या बाजूला, मग पायरीच्या पोटात, मग चालकाच्या डोक्यामागच्या उशीत. गोल वस्तू बंद झाल्या, कारण गोलाच्या कोपऱ्यात जागा वाया जाते. कपांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत दिव्याचे बल्ब, कुकरच्या आत तांदूळ आणि तांदळात स्क्रू-ड्रायव्हर. दात घासायच्या ब्रशांचे दांडे अर्धे कापले. वहिनीचा कंगवाही कापला. (तिने त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला, त्यामुळे सापडलेल्या जागेचं मोजमाप करता आलं नाही.) असे एकूण सत्तेचाळीस कप्पे तयार झाले आणि एक हजार एकशे चाळीस लिटर नवी जागा उपलब्ध झाली.

आता एवढी जागा सापडल्यावर ती रिकामी कशी ठेवणार? रिकामा कप्पा हा भांडारपालाच्या तोंडावर मारलेला शेरा असतो. म्हणून ती भरायला घेतली. उपलब्ध जागेचा तपशील मी सचिव या नात्याने देतो: एकतीस टक्के जागा डब्यांनी व्यापली, त्यातले निम्मे डबे इतर डबे ठेवण्यासाठी होते. बावीस टक्के बॅटऱ्यांच्या तारा आणि त्या तारा बिघडल्या तर लागणाऱ्या तारा. नऊ टक्के दोऱ्या. (कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. दोरी लागतेच.) बाकीच्यात कपडे, अन्न, औषधं आणि कोणत्या कप्प्यात काय आहे याची यादी. ही यादी सुरक्षित राहावी म्हणून तीही एका कप्प्यात ठेवली.

तरी जागा पुरेना. तेव्हा दादाने द्विउपयोगाचा नियम काढला. ज्या वस्तूचे दोन उपयोग नाहीत तिला व्हॅनमध्ये प्रवेश नाही. प्रत्येक वस्तूचा एक अर्ज भरायचा. वहिनीचं स्टूल बसायला, चढायला आणि आत औषधं ठेवायला, म्हणजे तीन उपयोग, मंजूर. मी गाडी चालवतो, टेप धरतो आणि लिहितो, मंजूर. वहिनीचे सात उपयोग निघाले, त्यामुळे तिला दोन वस्तूंची जागा देता आली असती. आईचा अर्ज दादाने स्वतः भरला. 'उपयोग' या रकान्यात त्याने बराच विचार करून 'आशीर्वाद' असं लिहिलं. दुसरा सुचेना. खाली शेरा मी लिहिला, दादाच्या सांगण्यावरून: आशीर्वाद घरूनही देता येतात.

तरीही आईला वगळायचं असं कोणीही ठरवलं नाही, याची नोंद व्हावी. उलट साडेचार फुटांच्या पलंगावर तिला झोपता येत नाही आणि दुसरं कोणी झोपणार नाही, म्हणून पलंगाचे कप्पे केले, तरी वरती तिच्यासाठी एक गादी ठेवली होती. निघायच्या दिवशी आई सकाळी सातलाच तयार होऊन बसली. सोबत एक कापडी पिशवी, तिच्यात दोन कपडे, चष्मा आणि बहिणीसाठी विणलेला निळा स्वेटर. गावाबाहेर वजनकाटा होता. जड गाडी पुढे न्यायची तर तिथे वजन करावं लागतं. आम्ही चौघं आत बसलो आणि गाडी काट्यावर घेतली.

"चव्वेचाळीस किलो जास्त भरतंय," काट्यावरचा माणूस खिडकीतून म्हणाला. "काहीतरी उतरवा."

आम्ही तिघांनी आत पाहिलं. बॅटरी काढावी तर फ्रीज चालणार नाही. फ्रीज नाही तर इन्सुलिन नासणार. आणि इन्सुलिनशिवाय आईला नेणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. तेव्हा बॅटरीला हात लावणं शक्य नव्हतं. कप्प्यांमधलं काही काढावं तर कुठे काय आहे ते यादी सापडल्याशिवाय कळणार नव्हतं. दादा कपाळावर बोट ठेवून विचार करत होता. मी तर खिडकीबाहेर बघत होतो.

आई कोणी काही म्हणायच्या आधीच पायरीला धरून खाली उतरली. तिचं वजन एक्केचाळीस किलो. उरलेल्या तीन किलोंसाठी मी माझे बूट आणि दोरीची दोन भेंडोळी उतरवली.

"आई एकट्या कशा जातील?" म्हणत वहिनीही उतरली. आईने पिशवीतून स्वेटर काढून दादाच्या हातात दिला.

"याचा दुसरा उपयोग?" दादाने सवयीने विचारलं.

"तिला थंडीत घालता येईल," आई म्हणाली, "आणि हात फिरवला की मी विणलाय हे कळेल. झाले ना रे दोन?"

दादाने स्वेटर मंजूर केला. त्या दोघी रिक्षाने घरी गेल्या. त्यांनी पाठ फिरवताच दादाच्या ध्यानात आलं की वहिनीमुळे अट्ठावन्न किलोंची सोय झालेली आहे. तेवढ्यात आई बसली असती, असं मी म्हणणार होतो. पण तोवर आम्ही बाजारात पोचलो होतो आणि पाचवी बॅटरी गादीच्या जागेवर अगदी बेताची बसली, जणू तिच्यासाठीच केलेली. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही.

प्रवास उत्तम झाला. चौदा तासांत फ्रीज एक क्षणही बंद पडला नाही. तीन महिन्यांचं इन्सुलिन चार अंशांवर स्थिर होतं. आईची सर्व प्रकारची सोय झालेली होती, फक्त आई नव्हती.

मावशी अंगणात काठी टेकून उभी होती. आम्ही येतोय एवढंच फोनवर कळवलं होतं, त्यामुळे तिला वाटलं होतं की आम्ही म्हणजे सगळे. डाव्या डोळ्याने तिला आता फक्त उजेड आणि सावली कळत होती. दादाने तिला पायरीवर चढवलं आणि म्हणाला, "मावशी, थांब, आईने तुझ्यासाठी एक वस्तू दिलीय." मग तो स्वेटर शोधू लागला. अकरा नंबरचा कप्पा उघडला, मिटला. सव्वीस उघडला, मिटला. छतातला, दारातला, पायरीच्या पोटातला. यादी ज्या कप्प्यात होती तो कप्पाही यादीतच लिहिलेला होता. अर्धा तास नुसता खटाखट आवाज चालला होता.

मावशी एका हाताने कडेकडेने चाचपत आत आली. तिने कप्प्यांच्या मुठींवरून हात फिरवला, मग गादीच्या जागी असलेल्या बॅटरीवर फिरवला. बॅटरी कोमट होती. हात तिथे थोडा वेळ थांबला.

"अरे," ती म्हणाली, "तिला कुठल्या कप्प्यात ठेवलंय?"

मला त्या क्षणी लाज वाटली. (ही बाब सचिवाच्या अखत्यारीत येत नाही, तरी नमूद करतो.) दादाने तिला समजावून सांगितलं: फ्रीज, इन्सुलिन, बॅटरी, वजन, सगळं क्रमाने. तिने पूर्ण ऐकून घेतलं. "हुशार आहेस," ती म्हणाली आणि काठी शोधत घरात गेली. तिची नजर पुढच्या महिन्यात पूर्ण गेली. स्वेटर अजून सापडलेला नाही, पण तो व्हॅनमध्येच आहे, कारण व्हॅनमधून काही हरवू शकत नाही.

ही हकिकत मी आजवर एकतीस जणांना सांगितली आहे. सगळे दादाला खूप हसले. दोघा-तिघांचे डोळेही भरून आले. मग एकोणतीस जणांनी, हसणं आवरल्यावर, कप्प्यांचा नकाशा मिळेल का असं विचारलं, आणि एकाने बॅटरी किती वर्षं टिकते ते विचारलं. उरलेला एकजण घाईत होता. त्याला त्याच्या आईचा फोन येत होता आणि तो, नंतर करतो म्हणून, कापत होता. आमची आई पुढे कधी मावशीकडे गेली का, हे कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारणारच होतात, याची मला खात्री आहे. नकाशा पाहिजे असल्यास कळवा.