आईच्या मापाची स्प्रिंग

"एकदा तुझ्या मोटारसायकलला टायटॅनियमची स्प्रिंग बसू दे, मग बघ! उडत जाशील!" गॅरेजवाल्या मामांनी भाचीला छातीठोकपणे सांगितलं.

गोष्ट खोटी नव्हती हो! पोलादी स्प्रिंगपेक्षा वजनाला कितीतरी हलकी, गंजायची भीती नाही, आणि उंचवट्यावर उडालेलं चाक पटकन पुन्हा रस्त्याला टेकणार. शर्यतीत पहिल्या तिघांत आली, तर भाचीला मोठ्या संघात जागा मिळणार होती. मामांचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

ऑर्डर घेताना स्प्रिंगवाल्यानं फोनवर विचारलं, "चालवणाऱ्याचं वजन किती?" कारण स्प्रिंग किती ताठ हवी, ते त्यावर ठरतं. भाची सरावाला गेलेली. शेजारी तिची आई, म्हणजे मामांची थोरली बहीण. पोटच्या पोरीचं वजन आईला नाही तर कुणाला माहीत असणार?

"वजन कसलं रे? वाळून काडी झालीय पोर! चाळीस असेल नसेल!"

"बेचाळीस लिहा," मामांनी पदरचे दोन किलो घातले.

शर्यतीच्या सकाळी स्प्रिंग बसवली. भाची ऐटीत स्वार झाली, आणि गाडीचं बूड म्हैस डबक्यात बसावी तसं खाली गेलं! एक फेरी मारून ती कंबर धरूनच परतली.

"मामा, प्रत्येक उंचवट्याला धाडकन आपटतेय! ही शर्यतीची गाडी आहे की पाळणा?"

मामांना दरदरून घाम फुटला. "तुझं वजन किती गं?"

"एकसष्ट. का?"

"शक्यच नाही!" ताई कडाडल्या. भाचीला तिथल्या तिथे काट्यावर उभं केलं. एकसष्ट! "काटा बिघडलाय मेला! तिच्या गालांची हाडं बघ!"

वाद घालायला वेळ होता कुठे? मामांनी टेम्पोतून जुनी पोलादी स्प्रिंग काढली आणि घाईघाईनं बसवली. शेवटचा नट आवळला आणि शिट्टी वाजली!

भाची दुसरी आली! संघातली जागा पक्की! मामा तर आनंदानं रडलेच. ताईंनीही डोळे पुसले आणि पिशवीतून डबा काढला.

"बघ, दोन घास जास्त खाल्ले असतेस तर पहिली आली असतीस!" मग त्या भावाकडे वळल्या. "आणि तू रे? या गाडीपायी निम्मा झालायस निम्मा!"

शंभर किलोच्या मामांनी डबा उघडला.