सिरसाळ्याचा समुद्र

बंकट सरांनी बैठकीतला टीव्ही हलवून तिथे काचेची टाकी मांडली, तेव्हा त्यांची पत्नी सत्यशीला हिने एकच अट घातली. एक जूनपर्यंत टाकीत मासा पोहला, तर ती पुन्हा कोकणाचं नाव काढणार नाही. नाही पोहला, तर सरांनी तिला आठ दिवस खरा समुद्र दाखवायचा. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि 'पुढच्या उन्हाळ्यात नक्की' यालाही तेवढीच. सर सिरसाळ्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचे. एस.टी.त बसलं की अंबाजोगाईच्या आतच त्यांना मळमळायचं. त्यामुळे समुद्राकडे जाण्यापेक्षा समुद्र घरी आणणं त्यांना जास्त शास्त्रीय वाटलं.

जारचं पाणी आलं, समुद्री मिठाची बादली आली, पुण्याहून ओल्या कागदात गुंडाळलेले समुद्रातले दगड आले. या दगडांवर सूक्ष्म जीव असतात आणि तेच हळूहळू पाणी माशांच्या राहण्याजोगं करतात, असं सरांनी पाहिलेल्या व्हिडिओत सांगितलं होतं. संभाजीनगरचा मासेवाला तर फारच तत्त्वाचा निघाला. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाका, रंग पिवळा आला की फोटो पाठवा, मग मासे देतो, म्हणाला. सरांच्या नळीत रंग हिरवा येत होता, म्हणजे पाणी अजून माशांना विषारी होतं.

शेजारचे बबनराव टाकी बघायला आले. चहा होईपर्यंत त्यांनी ती चारही बाजूंनी पाहिली.

"मासे कुठंयत सर?"

"यायचेत अजून. आधी पाणी तयार व्हावं लागतं."

"मग हे लाईट कावून लावलंय?"

"दगडांसाठी."

बबनराव चहा पिऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र ते आपल्या व्याह्यांना घेऊन आले.

मे महिन्यात वीज दुपारभर जाऊ लागली. इन्व्हर्टरवर टाकीचा पंप तरी चाले किंवा पंखा तरी. सरांनी पंप निवडला. त्यांची आई कडूबाई पुठ्ठ्याने वारा घेत दगडांकडे बघत बसायची आणि दगडांची बरी सोय लागली, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

दर रविवारी सर टाकीतलं एक बादली पाणी काढत, तेवढंच नवीन ओतत आणि जुनं फेकून द्यायला आईला सांगत. तरीही नळी हिरवीच. खारटपणा मोजायच्या यंत्राचा काटाही रोज थोडा वर सरकत होता. सरांनी यंत्र खराब असल्याचा निष्कर्ष काढला. समाधानाची गोष्ट एकच होती. एवढ्या उन्हातही टाकीतलं पाणी बोटभरसुद्धा आटत नव्हतं. झाकणाची रचना कशी साधली आहे, हे त्यांनी बबनरावांना आकृती काढून समजावलं.

एकोणतीस मेला कॉलेजातलं प्रवेशाचं काम उरकून लवकर घरी आल्यावर त्यांना त्या रचनेचा उलगडा झाला. कडूबाई लुगड्याच्या फडक्यातून पाणी गाळून टाकीत ओतत होती. रविवारचंच खारं पाणी होतं ते, म्हणूनच यंत्राचा काटा चढत होता.

"माय, हे फेकायला सांगितलं होतं ना तुला?"

"फेकू?" कडूबाईचा हात थांबला. घरात टँकरचं पाणी भरणाऱ्या बाईला पाणी का फेकलं नाही, असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. "कडीपत्त्याला घातलं तर त्यो वाळला. म्हशीनं तोंड लावलं न्हाई. धुण्याला घेतलं तर साबणाला फेस येईना. मग जिथलं तिथं घातलं. रोज दोन तांबे आटतंय."

"अगं, घाण झालेलं पाणी असतं ते."

"कशानं घाण झालं रं? मासा त्यात न्हाई. कोणी हात बी धुतला न्हाई."

घाण दगडांवरच्या जीवांची होती, हे प्राणिशास्त्राला ठाऊक होतं, पण ते फडकं धरून उभ्या असलेल्या आईला सांगण्यासारखं नव्हतं.

एक जूनला सकाळी दगडाच्या भोकातून करंगळीच्या नखाएवढा खेकडा बाहेर आला. सरांनी सगळ्यांना हाका मारल्या. टाकीत जीव आला होता. सत्यशीलाने तो नीट बघून घेतला.

"अवो, ह्यो मासा हाय का?"

अकरावीच्या वर्गाला वीस वर्षं जे शिकवलं, ते सरांना घरात नाकारता येईना.

"संधिपाद आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"मग बॅगा भरते."

सरांनी शेवटचा उपाय केला. पाणी आटतं, दिवा वेळेवर लावावा लागतो, या जीवाला आठ दिवस एकटं टाकून कसं जायचं, असा प्रश्न त्यांनी गंभीर चेहऱ्याने मांडला. सत्यशीला अजिबात भांडली नाही. तुम्ही राहा, मी आणि आत्या जातो, म्हणाली आणि आत्यांचं, म्हणजे सासूचंही, लुगडं बॅगेत घातलं. दोघींना स्टँडवर सोडून येताना सर शीळ घालत होते.

खेकडा दगडात गेला तो पुन्हा दिसला नाही. सरांनी म्हशीची धार काढायला घेतली, म्हशीने तीनदा बादली लवंडली. भाकरीला जळता जळता कच्चं राहायची कला साधली. रोज कोणीतरी टाकी बघायला येई आणि चहा मागे. पाचव्या दिवशी गुहागरहून फोन आला. मागे लाटांचा आवाज होता आणि कडूबाई मोठ्याने हसत होती. आत्या परत यायला तयार नाहीत, अजून आठ दिवस राहतो, असं सत्यशीलाने कळवलं.

सरांनी करपलेली भाकरी बाजूला सारली. मग म्हणाले, "मी यावं म्हणतो तिकडं. गोळी घेऊन बसतो गाडीत."

"तुमी नका येऊ," सत्यशीला मायेने म्हणाली. "तुमी आलाव तर त्या खेकड्याकडं कोण बघंल?"