रावणाची नाडी

"विज्ञान म्हणजे काय गो, भरतकामच! टाका नीट पडला की झालं!" सुमंगलाबाई नातीला म्हणाल्या. पेडण्याच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं शिवण शिकवलं आणि विज्ञानाचे कामत मास्तर रजेवर गेले की त्यांचाही तास रेटला. त्या जोरावर गौरवीचा गृहपाठ त्यांनी अंगावर घेतला: स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी मोजा.

घरात स्वस्थ बसलेले एकटे आजोबा, गुरुदास. आज देवळाच्या जत्रेचं नाटक. बावीस वर्षं भाला धरून उभं राहिल्यावर यंदा कुठे त्यांना रावण मिळाला होता! डोळे मिटून ते भाषण घोकत होते. परसातून माडीवर, माडीवरून परसात अशा तीन फेऱ्या मारून बाईंना घड्याळ सापडलं. धापा टाकत त्यांनी नवऱ्याच्या मनगटावर अंगठा दाबला.

"एकशेचार! हलू नका! कामत मास्तर असेच बसल्या बसल्या पडले होते!"

"तो उपाशी होतो गो!"

बाईंनी त्यांना आडवं केलं, पायांखाली तीन उशा दिल्या, कामत मास्तरांना लावला होता तसा नाकाला कांदा लावला. पुन्हा मोजली. एकशेबारा!

"नाटक बंद!"

"अगो, माका काय्येक जांवक नाय! बावीस वर्सां वाट बघलंय!"

पण बाईंचा फोन गेलासुद्धा. दहा मिनिटांत नाटकाचा मॅनेजर कृष्णनाथ हजर, मिशा चिकटवूनच!

"बाई, काळजी नको. रावण मला पाठ आहे."

"हात पुढे कर!"

एकशेअठरा! कृष्णनाथ मटकन पायरीवर बसला. तेवढ्यात पोंक पोंक करत पाववाला पोदेर आला. त्याची एकशेवीस!

"साथ आली गावात!" बाई किंचाळल्या आणि त्यांनी थेट आरोग्य केंद्राला फोन लावला. कृष्णनाथ हळूच मिशा उपटू लागला.

नर्स पल्लवी स्कूटरवरून आली. ती बाईंचीच विद्यार्थिनी.

"बाई, कशी मोजलीत, दाखवा बघू."

बाईंनी ऐटीत अंगठा ठेवला. पल्लवीने कपाळाला हात लावला.

"अहो, अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो! म्हणून दोन बोटांनी मोजायची असते. तुम्ही सगळ्यांच्या मनगटावर स्वतःचीच नाडी मोजलीत!"

तिने बोटांनी तपासलं. गुरुदास बहात्तर, कृष्णनाथ ऐंशी, पोदेर सत्तर. आणि सुमंगलाबाई, एकशेचोवीस!

"रावण पास!" पल्लवी म्हणाली. "पण बाई, तुम्ही आधी स्वस्थ बसा. त्याशिवाय नाटक नाही."

गुरुदास उशा उडवत उठले. कृष्णनाथ अर्ध्या मिशीनिशी निघून गेला.

संध्याकाळी दहा तोंडांचा मुकुट काखेत मारून गुरुदास फाटकाशी उभे राहिले.

"चल बेगीन!"

"पल्लवीने सांगितलंय ना? मी स्वस्थ बसणार."

"इतक्या वर्सांत एकदा तरी बसलंस काय गो?"

बाईंनी लग्नापासूनची सगळी वर्षं आठवून पाहिली. कामत मास्तरांच्या कांद्यापर्यंत सगळं आठवलं, तसा दिवस मात्र एकही सापडेना. मग त्या चपला शोधायला माडीवर धावल्या.