खळबळ साडेतेरा टक्के

निसर्गाचे नियम अटळ असतात. त्यांतले आकडे मात्र चर्चेला खुले असतात. हे तत्त्व गिरगावातल्या एका सोसायटीने रीतसर ठराव करून अमलात आणलं, आणि त्यावर सही करण्याचा मान देवदत्तला मिळाला.

देवदत्त इमारतींभोवतीचा वारा संगणकावर वाहवून दाखवायचा. (असा धंदा असतो. पगारही मिळतो.) सोसायटीची जुनी इमारत पाडून सगळे भाड्याच्या घरांत गेले होते; तिच्या जागी दोन टॉवर येणार होते, आणि त्यांच्या मधल्या बोळात वारा कसा वाहील, याचा अहवाल त्याने द्यायचा होता. त्याचे वडील मनमोहन गुडघा बदलल्यापासून काठी टेकत चालत, आणि नकाशातला ज्येष्ठांचा बाक नेमका त्याच बोळात होता.

चौपाटीकडून येणाऱ्या वाऱ्यात मुळात खळबळ (म्हणजे झोतांची चढउतार) किती, हे गणिताला आधी सांगावं लागतं. देवदत्तने मोजमापं पाहून बावीस टक्के सांगितली. उत्तर आलं: बोळात काठीवाला माणूस उभा राहणार नाही.

अहवाल सर्वसाधारण सभेपुढे गेला.

"बावीस जास्त होतात हो," बिल्डरचा माणूस रघुवीर म्हणाला. "पाच धरा."

"मोजमाप आहे ते, भाजी नाही," देवदत्त म्हणाला.

"भाजीवालासुद्धा थोडं खाली येतो रे," सेक्रेटरी उर्मिलाताई म्हणाल्या. "तुझ्या वाऱ्यापायी आमची घरं अडकवतोस का?"

वरच्या मजल्यांना वारा भरपूर हवा होता, बाकावाल्यांना बेताचा. वारा कार्पेट एरियात धरावा, अशीही एक सूचना आली (नामंजूर). अखेर मनमोहन काठी टेकत उठले. उभी हयात बँकेत तडजोडी करण्यात गेलेली.

"बावीस आणि पाच, मधले साडेतेरा. देवा, बापाचं ऐक. मला माझ्या घरात मरायचंय, भाड्याच्या नाही."

सगळे हात वर झाले, ठराव एकमताने मंजूर झाला. देवदत्तने साडेतेरा घातले. बोळ 'आल्हाददायक' निघाला. त्याने सही केली.

यथावकाश ताबा मिळाला. पहिल्याच संध्याकाळी बोळात मनमोहनांची टोपी गेली, मग काठी, मग ते स्वतः. वारा ठरावाबाहेर वाहत असल्याची नोंद सोसायटीने इतिवृत्तात घेतली.

खुब्याचं हाड जोडून झाल्यावर मनमोहनांनी मुलाला खाटेजवळ बोलावलं.

"चुकलंच आपलं," ते म्हणाले. "नऊवर अडून बसायला हवं होतं."

आपल्या घराच्या माहितीपत्रकातही 'हवेशीर' हा शब्द असेलच. तो कोणत्या आकड्याला आला, हे आता विचारत बसू नये. हात वर करताना आपणही विचारलं नव्हतं.