साहेबांच्या शिंका

अन्न तपासणीचे साहेब येणार म्हटल्यावर वहिनींनी कंबर कसली. बेकरीतली भट्टीमागची भिंत घासून झाली, पिठाच्या पिंपांना घट्ट झाकणं आली, पीठ मळायच्या यंत्राच्या कानाकोपऱ्यातलं वाळलेलं पीठ खरवडून निघालं. मागच्या खेपेला साहेब बजावून गेले होते, पुन्हा काही आढळलं तर बेकरीला टाळं. त्यामुळे वहिनींना झोप नव्हती आणि म्हणून भाऊंनाही नव्हती.

भाऊ म्हणजे वहिनींचे यजमान. पाव तेच भाजायचे. त्यांच्या बोटातली अंगठी गेली, डोक्यावर जाळीची टोपी आली. वहिनींची नजर आता मिशीवर होती.

"हिलाही जाळी लावू या."

"मग मी बोलायचं कसं?"

"कामाच्या वेळी बोलायचं कशाला?"

तपासणीच्या सकाळी फिनेलच्या वासाने भाऊंचं डोकं चढलं आणि त्यांनी मागचं दार जरासं उघडलं. तेवढ्यात एक मांजराचं पिल्लू ऐटीत आत शिरलं. चूक पिल्लाची नव्हती. भाऊ त्याला मागच्या पायरीवर चोरून दूध पाजायचे. वहिनींच्या नियमात मांजर बसत नव्हतं, भाऊंच्या मनात मात्र बसलं होतं.

पिल्लू थेट फळीखाली गेलं. भाऊ जमिनीवर पालथे पडले.

"ये गं बये, माझ्या पोटावर पाय देऊ नकोस."

पुढे काचा पुसणाऱ्या वहिनींनी विचारलं, "अहो, कुणाशी बोलताय?"

"पिठाशी. फुगत नाहीये मेलं."

शेवटी वाटीभर दूध पुढे सरकवल्यावर बाईसाहेब बाहेर आल्या. दूध संपताच भाऊंनी तिला उचललं आणि दाराकडे धावले, तर दारात साहेब उभे.

"मी नेहमी मागूनच येतो," साहेब म्हणाले. "पुढून येणाऱ्याला पुढचंच दिसतं."

पाठमोरं होऊन भाऊंनी पिल्लू ॲप्रनच्या मोठ्या खिशात सोडलं. पोट भरलेलं, शेजारी भट्टीची ऊब. ते तिथेच झोपून गेलं. साहेब आत आले आणि फाडकन शिंकले. वहिनी धावत आल्या.

"साहेब, तिथेच थांबा. सर्दी झालेल्या माणसाला आत घेता येत नाही. नियम तुमचाच आहे."

नियमांवर भाऊंचं इतकं प्रेम कधीच जडलं नव्हतं.

"बाई, मला सर्दी नाही," रुमाल काढत साहेब म्हणाले. "मांजर जवळ असलं की मला शिंका येतात."

"मांजर? आमच्याकडे?" वहिनींच्या आवाजाला धार आली. "हुडकून दाखवा."

साहेब नाक पुढे करून फिरू लागले. पिंपांपाशी काही नाही. भट्टीपाशी काही नाही. भाऊंपाशी आले आणि शिंकांची माळच लागली.

"ह्यांच्यापाशीच कसं हो?"

भाऊंची पाचावर धारण बसली. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या खिशाकडे. खिसा श्वास घेत होता.

वहिनींनी हातातल्या फडक्याची नीट घडी घातली. मग शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा. साहेबांना त्रास होतोय."

भाऊ दोन्ही हात खिशावर धरून पायरीवर बसले. आत साहेबांनी फळ्यांवरून बोट फिरवलं, झाकणं उघडून पाहिली, मोरीत वाकून पाहिलं. एकही शिंक आली नाही. निघताना ते पायरीपाशी थबकले, नाकाला रुमाल लावला आणि वळून वहिनींना म्हणाले, "बेकरी अगदी स्वच्छ आहे. फक्त ह्यांना रोज अंघोळ करायला लावा."

"सांगून सांगून थकले, साहेब," वहिनी म्हणाल्या.

साहेब दिसेनासे झाल्यावर त्या पायरीवर आल्या.

"ते खाली सोडा, ॲप्रन बादलीत टाका आणि अंघोळीला जा."

"अगं, सकाळीच केली मी."

"मग धावत जा आणि साहेबांना सांगून या तसं."

भाऊ मुकाट्याने उठले आणि टॉवेल शोधू लागले.